विरजणापुरतं

सकाळी दह्याची वाटी जराशी कलती करून पाहिली. दही हललं नाही. मला केवढं हायसं वाटलं!

ह्यांच्या जठरात जंतू निघाले होते. पंधरवडाभर जहाल गोळ्या घेतल्यावर ते गेले, पण त्यांच्याबरोबर आतड्यातले चांगले जीवही गेले असावेत. साधा वरणभात पचेना. त्यात परवा मी घाईघाईत घरातलं सगळं दही ह्यांना वाढून टाकलं. शेजारच्या कुसुमताईंकडे विरजण मागायला गेले, तर त्या देता देता म्हणाल्या, "अगं, आधी चमचाभर बाजूला काढायचं, मग वाढायचं!"

औषधशास्त्र शिकणारी माझी भाची काल सांगत होती, "मावशी, प्रयोगशाळेत आता असे सूक्ष्म कण तयार करतायत, की ते जठरातल्या आम्लातच जंतूंना मारतात. खाली आतड्यात पोचले की निवतात. तिथल्या चांगल्या जीवांना धक्का लागत नाही." दुकानात यायला अजून वेळ आहे म्हणे. असू दे. कुणाच्या तरी मनात हे आलं, याचंच मला बरं वाटलं. इतकी वर्षं औषधं वाटी खरवडून मोकळी व्हायची. आता तीही विरजणापुरतं ठेवायला शिकतायत.

आज ह्यांनी दहीभात खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी ताट पुढे करून म्हणाले, "अजून वाढ."

वाढलाच. पण त्याआधी चमचाभर दही काढून फडताळात झाकून ठेवलं.