घरचं दूध विकत घ्यायला लावणाऱ्या ताई

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा कढईतलं दूध आटत आलं होतं. अशा वेळी हात थांबला की खवा खाली लागतो. म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि ढवळत राहिले. पलीकडून त्यांची भाची रडत सांगत होती, "झोपेतच गेली आत्या…" भट्टीवर वाफ इतकी दाटली होती, की समोर बांधलेली म्हैससुद्धा दिसेना. त्या वाफेत ताई बसल्या आहेत, पदरानं चष्मा पुसताहेत, असं मला खरंच वाटत राहिलं. त्या दिवशीचा खवा चांगला उतरला. रडू संध्याकाळी आलं.

ताई बँकेतून निवृत्त झाल्या आणि घरी बसवेना म्हणून दर गुरुवारी एसटीनं आमच्या ईट गावाला येऊ लागल्या. देवळाच्या सभामंडपात आम्ही धंदा करणाऱ्या, करू पाहणाऱ्या बायका जमायचो. ताई शिकवत काहीच नाहीत, नुसत्या चौकशा करतात, असा आमचा समज. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "खव्याला दूध केवढ्याचं लागतं?"

"दुधाला कशाला पैसं? घरच्याच म्हशी हायत की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. घरचं ते फुकटचं, यात आमच्याकडं कुणाला कधी शंकाच आली नव्हती. ताई हसल्या. "मग उद्यापासून ते दूध तू तुझ्याकडूनच विकत घे. डेअरीच्या भावानं."

झालं! नवरा पोट धरून हसला. पण मीही हट्टाला पेटले. पहाटे गोठ्यात मी दूध विकणारी, भट्टीपाशी आले की तेच दूध घेणारी. भट्टीच्या डब्यातले पैसे काढायचे आणि घरच्या डब्यात टाकायचे. थंडीतल्या धुक्यात कधी कधी मला दोन बायका दिसायच्या… एक चरवी घेऊन उभी, दुसरी कढईपाशी, दोघी एकमेकींकडं जरा संशयानंच बघणाऱ्या. महिना सरायच्या आत भट्टीचा डबा रिकामा झाला. माझी भट्टी घराला हातभार लावते, असं मी इतकी वर्षं ऐटीत सांगत होते. प्रत्यक्षात म्हशीच भट्टीला पोसत होत्या.

"बंद कर ती भट्टी. दूध सरळ डेअरीला घालू," नवरा म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. पण सासरी येऊन माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं हो! मी ताईंवर भडकले. "तुमी आलात अन् माझी भट्टी बुडाली."

"ती आधीच बुडत होती गं. तुला आत्ता दिसलं. भाव वाढवून माग."

मागितला. वर्षानुवर्षं खवा नेणारे शेठ "वैनी, तुमीबी लई शहरातल्यावानी झालात" म्हणत रिकामे डबे घेऊन गेले. भट्टी विझली. त्या गुरुवारी ताई सभामंडपात न जाता माझ्याकडं आल्या आणि थंड कढईशेजारी बसून राहिल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल…" शिकलेलं माणूस असं बोलतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझा सगळा राग तिथंच विरघळला. पुढं तालुक्याला, भूमच्या एका नव्या पेढेवाल्यानं मी मागितलेल्या भावानं खवा घेतला, आधी थोडा, मग रोज. ताईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी तो भाव मला दोनदा सांगायला लावला.

परवाच्या गुरुवारी आम्ही सवयीनं सभामंडपात जमलो. खांबाजवळची ताईंची जागा सोडून बसलो. तेवढ्यात गावातली एक नवी सून दबकत आली. तिला कडक भाकरी करून विकायच्या होत्या. "खर्च काईच न्हाय," ती उत्साहानं म्हणाली, "ज्वारी तर घरच्या रानातलीच हाय."

आम्ही सगळ्या एकदम हसलो, ताई गेल्यापासून पहिल्यांदाच. पोर बावरली. इकडंतिकडं बघत तिनं विचारलं, "शिकवणाऱ्या ताई कवा येणार हायत?"

हसू जागच्या जागी थांबलं. सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. मी खांबाजवळ सरकून बसले आणि तिला म्हटलं, "बस. ज्वारी केवढ्याला घेतलीस?"