बिनमांडवाचा धवला

टेमघरच्या आमच्या आळीत कुणाच्या घरात काय शिजतंय, हे त्या घरातल्या बाईच्या आधी मला कळतं. त्यामुळे शेजारच्या आक्काबद्दल सांगतोय ते ऐकीव नाही. आमच्या दोन घरांत एक गटार आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. तिच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते.

आक्का धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण आधी लागते. मांडवाला उंबराची फांदी बांधली की ती पाटावर बसते आणि देवांना, पितरांना, मामा-मावश्यांना नावं घेऊन गाण्यातून बोलावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. हळद त्यांच्यावर चढते आणि नवरी त्यांच्यावर रडते. आक्काने चाळीस वर्षांत किती नवऱ्या रडवल्या त्याला गणती नाही. मेकअप बिघडेल म्हणून डोळे वर करून बसलेल्या, ऑफिसात साहेबीण असलेल्या पोरींचीसुद्धा आधी हनुवटी हलायची, मग खांदे, मग सगळं धरणच फुटायचं. मी तर नवरदेव असून माझ्या हळदीत हुंदके दिले. बायकोला आजही सांगतो की हळद डोळ्यात गेली होती. ती आजही मानत नाही.

एकदा मी विचारलं, "आक्का, गाण्यात कांदा चिरतेस काय गो?"

"तुज्यासारख्या धोंड्याला पाझर फुटतं, ता कांद्याचा काम न्हाय केशा. गानं आधी पोट आयकतं, मंग डोलं. कान सगल्यांच्या मागून येतान."

तिचा एकच नियम होता. मांडव असल्याशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. ठाण्याच्या कॉलेजातून एक मुलगी धवले टिपून घ्यायला आली होती. तिला आक्काने बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाऊ घातली, आणि सांगितलं, "मांडव घेऊन ये, मंग गातंय." धवला गायला म्हणजे लगीन लागलं. मांडवात नवरानवरी नसेल तर लागलं कुणाचं? मग ते घरातल्याच कुणावर येतं. हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं, आईला आजीने.

गेल्या वर्षी माघात कोलंबी सोलता सोलता आक्का जागीच कलंडली. झटका होता. आठ दिवसांनी घरी आणली तेव्हा उजवा हातपाय लुळा पडलेला आणि वाचा गेलेली. समजायचं सगळं. पण पाणी हवं असलं तरी "तं तं", राग आला तरी "तं तं". थोरला मुलगा भूपेश तिच्यापुढे बसून एकेक शब्द म्हणायचा. ती त्याच्या ओठांकडे बघायची, स्वतःचे ओठ तसेच करायची आणि आतून पुन्हा तेच निघायचं. मग तोंड फिरवायची.

मला गप्प बसणं जमत नाही. मी म्हटलं, "बरं झालं आक्का, आता आळीत माझी उणीदुणी काढणारं कुणी उरलं नाही." ती घळाघळा रडायला लागली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तशी माझी जेवणाशी फारकत क्वचितच होते.

पुढच्या आठवड्यात तिला हसवायला म्हणून मी तिचाच एक धवला म्हणायला घेतला. माझा आवाज म्हणजे तेल न घातलेला रहाट. त्यात मामाच्या जागी आत्या आली आणि हळदीच्या जागी मिरची. आक्काच्या कपाळाला आठी पडली. आणि मग तिच्या तोंडातून ती ओळ निघाली. अख्खी. मामाच्या जागी मामा, हळदीच्या जागी हळद, शब्द न् शब्द स्वच्छ.

थोरली सून मृणाली ताट घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी म्हटलं, "आक्का, पाणी हवंय?" आक्का म्हणाली, "तं." मी आणि मृणाली एकमेकांकडे बघत राहिलो.

वाचेचे व्यायाम शिकवायला रुचिका मॅडम यायच्या. त्यांना सांगितलं तर त्या खुर्चीवरून उठल्याच. म्हणाल्या, "बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, तिथे इजा झालीय. गाण्याला उजव्या बाजूचीही वाट असते. ती शाबूत आहे. त्याच चालीत रोजचे शब्द बसवा, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायला लावा. पण रोज करा. पहिले काही महिने गेले की मेंदू असा हात पुढे करत नाही."

आक्का मान हलवून नको म्हणत होती. मृणालीने सासूला समजावलं, "आत्या, हे औषध आहे. औषधाला मांडव लागत नाही." आक्काने डाव्या हाताने कान धरला, देव्हाऱ्याकडे बघितलं आणि मांडीवर ठेका धरला.

महिन्याभरात ती हळदीच्या चालीत पाणी मागायला लागली. "पानी दे गो बाय, पानी दे." उंबर बांधायच्या चालीत "भात करपला गो मृनाली." मला उद्देशून एक स्वतंत्र धवला झाला, त्यातले शब्द इथे सांगण्यासारखे नाहीत. मी खूश. ज्या दिवशी तिने "भूपेश बाला, जेवलास का रं" असं गायलं, त्या दिवशी भूपेश न्हाणीघरात शिरला आणि नळ सोडून तोंड धूत बसला. त्या वेळी आळीत पाणी सुटलेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

पण एवढी मजेची गोष्ट पोटात ठेवायची कशी?

धाकट्या कुणालचा साखरपुडा खारबावच्या मुलीशी झालेला. मी त्याच गावात एका बारशाला गेलो होतो. पेढे वाटून झाले, मंडळी सैलावली आणि मी नक्कल सुरू केली. आक्का मांडीवर हात आपटून हळदीच्या चालीत मीठ कशी मागते, भाताला कशी ओवाळते. बायका हसून हसून खांबाला टेकल्या. एकच माणूस हसला नाही. मुलीचा चुलता, तुळशीराम.

"घरात मांडव हाय काय?" त्याने विचारलं.

"मांडव कसला? खाट आहे," मी म्हटलं. त्यावरही लोक हसले.

चौथ्या दिवशी निरोप आला. बिनमांडवाचे धवले चाललेल्या घरात आम्ही पोर देत नाही. कुणाल दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही.

भूपेशने मला विचारलं, "काका, कुणी सांगितलं असेल हो त्यांना?"

मी म्हटलं, "लोकांच्या तोंडाला कुठे झाकण असतं, बाबा."

आक्काला गाऊ नको असं घरात कुणीही म्हटलं नाही. मृणाली उलट विनवण्या करत होती. कुणालने स्वतः पायाशी बसून सांगितलं, "आये, मला असल्या लोकांत लग्न करायचंच नव्हतं. तू गा." पण आक्काने मनाशी धरलं ते धरलं. धवला गायली, आणि तो घरातल्याच पोरावर आला. रुचिका मॅडमनी ठेका धरायला हात धरला की ती तो ओढून घ्यायची. कधी दुपारी डोळा लागता लागता गळ्यात चाल आपोआप यायची, तेवढ्यात दचकून पदराचा बोळा तोंडात घालायची. मी खिडकीतून बघत होतो. मला बघू नये असं वाटत होतं आणि बघत होतो.

मग मी एक शहाणपणा केला. चार बांबू आणले, तिच्या अंगणात रोवले, वर कापड टाकलं, उंबराची फांदी बांधली.

भूपेश म्हणाला, "काका, लग्न कुणाचं?"

"माझं. दुसऱ्यांदा. तुझ्या काकूला सांगू नको."

आक्काला धरून ओटीवर आणलं. तिने मांडव बघितला आणि परत आत जायची धडपड सुरू केली. रिकामा मांडव म्हणजे अरिष्टाला आणखी एक बोलावणं, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. तिने हातातला पेला माझ्यावर भिरकावला आणि "तं तं तं" करत स्वतःच्या छातीवर मारून घ्यायला लागली. मी बांबू उपटले. पुढच्या महिन्यापासून रुचिका मॅडम येईनाशा झाल्या. जाताना मृणालीला म्हणाल्या, "मी येऊन नुसती बसून जाते. बरोबर वाटत नाही."

यंदाच्या वैशाखात कुणालचं राहनाळच्या मुलीशी जमलं. या वेळी मांडव खरा, नवरदेव खरा, उंबर गुरवाने रीतसर बांधलेला. भूपेशने दुसरी धवलारीण बोलवायला साफ नकार दिला. म्हणाला, "आये गाईल. आता तर बंदी नाही ना?" मीही मान डोलावली. मला तर खात्रीच होती. दुपारी हळद. आक्काला नवं लुगडं नेसवलं, पाटाऐवजी खुर्ची दिली, समोर कुणालला बसवलं.  बायकांनी हळदीचे हात तसेच धरून ठेवले.

आक्काने मांडीवर ठेका धरला. तोंड उघडलं. चाल निघाली, अगदी जुनी, सरळ पोटात जाणारी. पण नुसतीच चाल. तिच्यात एकही शब्द नव्हता. ना देवाचं नाव, ना मामाचं, ना कुणालचं. ती थांबली, पहिल्यापासून घेतलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने कुणालच्या तोंडाकडे बघितलं, जसं तिथे त्याचं नाव लिहिलेलं असावं. मग ठेका थांबला आणि तिने पदर पुढे ओढला.

 शेवटी एक म्हातारी म्हणाली, "लावा गो हलद, येल जातेय." मुकाट्याने हळद लागली. कुणाल रडला, आणि त्याला रडवायला गाणं लागलं नाही.

मांडव निघाला त्या दुपारी मी आक्काजवळ जाऊन बसलो. घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, खारबावला मी सांगितलं होतं. नक्कल करून. तुझ्या धवल्याने काही झालं नव्हतं, माझ्या तोंडाने झालं."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं समजतं, हे आधीच सांगितलंय. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मृणाली आली, चहा ठेवून गेली. तो निवेपर्यंत मी बसलो होतो. आक्का वळली नाही.