माझे साडू आणि एकविसावा दिवस

उंदरांच्या वयात येण्याची जेवढी काळजी माझ्या थोरल्या साडूंनी वाहिली आहे, तेवढी खुद्द उंदरांनीही कधी वाहिली नसेल. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. राहायला ठाण्यात, वर्तकनगरला. आणि सारी डोंबिवली ठाण्या-मुंबईकडे निघते त्या वेळी हे गृहस्थ गेली तीस वर्षं उलट्या दिशेने आमच्या डोंबिवलीला येतात. इथल्या एमआयडीसीत औषधं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिच्या मागच्या अंगाला बिनखिडक्यांची बैठी इमारत आहे आणि तिथल्या पांढऱ्या उंदरांची पैदास साडूंच्या हाती आहे. अर्थात 'उंदीर' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "रॅट म्हणा," ते शांतपणे दुरुस्त करतात. "उंदीर गटारात असतो."

असाच एक गटारातला एकदा आमच्या स्वयंपाकघरात शिरला. बायको ओट्यावर चढून बसली आणि मी तज्ज्ञाला फोन लावला. साडू कामावरून परस्पर आले, गुडघे टेकून सिलिंडरमागे वाकले, बॅटरीच्या झोतात बराच वेळ बघत राहिले आणि उठून म्हणाले, "मादी आहे. तीनेक महिन्यांची. वयात आलेली आहे, तेव्हा फार दिवस लावू नका." मग हात धुतले, चहा घेतला आणि निघून गेले. तिला धरायचं वगैरे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी निदान झालं होतं, पुढचं किरकोळ काम आम्ही बघायचं. ती बाई आणखी चार दिवस आमच्याकडेच मुक्कामाला होती.

साडूंच्या आयुष्याचा कणा म्हणजे एकविसावा दिवस. जन्मापासून एकविसाव्या दिवशी पिल्लाला आईपासून वेगळं करायचं, शेपटी उचलून नर की मादी ते बघायचं, नर एका पिंजऱ्यात, माद्या दुसऱ्यात आणि पिंजऱ्यावर तारखेचं कार्ड. कारण पाचव्या आठवड्याच्या सुमाराला माद्या वयात येतात, नर त्यांच्या मागून आठवडा-दीड आठवड्याने, आणि तोवर वेगळी केली नाहीत तर "सख्खी भावंडं संसाराला लागतात, साडू." हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, बारशाला ऐकलं आहे आणि एकदा बँकेच्या रांगेतही. कल्याणला एका मुंजीत बटू आठ वर्षांचा असल्याचं कळलं तेव्हा ते शेजारच्याला म्हणाले, "आमच्याकडे आठ महिन्यांत पणजोबा होतात." आवाज बेताचा ठेवायचं भान त्यांना नाही. गुरुजी मंत्राच्या मधोमध थांबले, आणि बटूचे खरे पणजोबा पहिल्या रांगेतून वळून बघू लागले. आमचा चिरंजीव सत्तावीस वर्षांचा होऊन आमच्याच घरात राहतो, याबद्दल तर साडू भेटतील तेव्हा "अजून आईच्याच पिंजऱ्यात का?" असं विचारतात. चिरंजीवाला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं.

त्यांच्या घरी सोयाबीनच्या वड्या येत नाहीत. खुराकात सोयाबीन जास्त झालं तर माद्या वेळेआधी वयात येऊ शकतात, असं त्यांचं म्हणणं. "अहो, पण या घरात वयात यायचं राहिलंय कोण?" असं मेहुणीने एकदा विचारलं. त्यावर ते म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे." अत्तर, सेंट, वासाचा साबण हेही बंद, कारण त्यांच्या जनावरांना वासावरून फार गोष्टी कळतात. नराचा नुसता वास जरी आला तरी छोट्या जातीच्या उंदरांमध्ये पोरी लवकर मोठ्या होतात म्हणे. एका दिवाळीला मी त्यांना अत्तराची कुपी दिली होती. ती भाऊबिजेला परत आली, सोबत चकलीचा डबा होता म्हणून मी राग धरला नाही.

गणपतीत तर ते प्रयोगशाळेजवळच्या मंडळाच्या अध्यक्षालाच जाऊन भेटले. मोठा आवाज झाला की बावरलेली आई स्वतःची पिल्लं खाते, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं. अध्यक्ष ऐकत होता. "काका, उंदीर म्हणजे बाप्पाचं वाहन ना? मग बाप्पाच्याच ढोलाचा त्याला काय प्रॉब्लेम?" साडू म्हणाले, "वाहन तुमचं. पिल्लं माझी आहेत." अध्यक्षाने पथक मागच्या रस्त्याने वळवलं. हा माणूस चेष्टा करत नाहीये, हे समोरच्याला चटकन कळतं, आणि मला वाटतं लोक त्यांचं ऐकतात ते त्यामुळेच.

तर अशा माणसाची एकुलती एक मुलगी, आमची भाची मुग्धा, तेवीस वर्षांची. तिला हैदराबादला नोकरी लागली. होय की नाही ते दोन आठवड्यांत कळवायचं होतं. तिला जायचं होतं, पण बापाच्या मनाविरुद्ध नाही. साडू म्हणाले, "बघू." मग रोज नवी अडचण निघू लागली. तिथलं पाणी जड, तिथलं जेवण तिखट, तिथे ओळखीचं कोण. शेवटी एका रविवारी, आम्ही सगळे जेवायला बसलो असताना, ती म्हणाली, "बाबा, तुझ्या रॅटला एकवीस दिवस देतोस. मला तेवीस वर्षं झाली रे." साडूंनी भातावर वरण घेतलं. "वेगळं करायच्या आधी त्यांचं खाणं मी तोंड पोचेल असं खाली ठेवतो," एवढंच म्हणाले. कळवायची मुदत उलटायला चार दिवस राहिले होते.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी ते भरदुपारी, कामाच्या वेळेत, आमच्या दारात उभे. मला वाटलं, नोकरी गेली. बसले, पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "साडू, मी नर-मादी चुकलो." एका चाचणीसाठी त्यांनी सहा माद्या एका पिंजऱ्यात ठेवल्या होत्या. त्या कितव्या दिवशी वयात येतात, एवढंच त्यात मोजायचं होतं. रोजची तपासणी सुरू करायला पिंजरा उघडला तर सहांतला एक नर निघाला. अजून अजाणच होता, पण त्याच्या सहवासाने बाकीच्यांचा दिवस पुढेमागे झाला नसेल कशावरून? पिंजराच्या पिंजरा बाद. त्यांच्या वरिष्ठ बाई 'होतं असं' म्हणाल्या होत्या. यांनी मात्र स्वतःच्या हाताने नोंद केली, खाली सही केली आणि अर्धी रजा टाकून बाहेर पडले.

"तीस वर्षांत नाही झालं," ते म्हणाले. "ज्या दिवशी ही पिल्लं वेगळी केली, त्याच्या आदल्या दिवशी मुग्धाच्या नोकरीचं पत्र आलं होतं. पिल्लू हातात होतं, शेपटी उचललेली होती, मी बघतही होतो. आणि डोक्यात काय, तर हिला अजून कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत." मी हसलो. ते हसले नाहीत. मग म्हणाले, "खरं सांगू? तिला येतात मोजता. मलाच ती तिथे गेलेली बघवत नाहीये." आमच्या घरूनच त्यांनी तिला फोन लावला आणि सांगितलं, कळवून टाक, जाते म्हणून. फोन ठेवल्यावर पाणी मागितलं.

कल्याणहून हैदराबादची गाडी होती. मी सोबत गेलो होतो. साडूंनी तिला दोनदाच 'फोन कर' म्हटलं, जे त्यांच्या मानाने फारच कमी. मेहुणी रडली, मुग्धा रडली, साडू तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट आहे का ते तपासत होते. गाडी गेली. मेहुणी जिन्याकडे निघाली, पण हे जागचे हलेनात. मी दंडाला हात लावला, तेव्हा म्हणाले, "पिल्लं वेगळी केली ना, की आई दोन दिवस पिंजऱ्याचे कोपरे हुंगत फिरते. तिसऱ्या दिवशी खायला लागते. मी बघितलंय." मग अगदी खरीखुरी माहिती विचारावी तसं विचारलं, "माणसाला किती दिवस लागतात हो, साडू?"

या माणसाला एकदा तरी आकडा ठाऊक नसावा, असं मी वर्षानुवर्षं मनात म्हणत आलो होतो. त्या दिवशी तो निदान मला तरी ठाऊक असायला हवा होता.