बाईंची छडी
धारोष्ण दुधाचा वास आला की गंगावेशीतली पंचवीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवते. मी दुसरीत होते. शाळेतून निवृत्त झालेली आजी मला रोज दूधकट्ट्यावर, समोर म्हशीची धार काढून ताजं दूध देतात तिथे, न्यायची. त्या दिवशी धार काढणारा मिशाळ गवळी उठून तिच्या पाया पडला. "बाई, वळखलं न्हाय व्हय? तुमच्या छडीनं हे बोट वाकडं झालंय की!" तो हसत होता. माझ्यावर कधी आवाजही न चढवलेल्या आजीने ते बोट हातात धरलं. "चुकलं रे माझं," म्हणत ती रडू लागली. तो गांगरला, "अवो बाई, असं काय करताय?" मला मांडीवर घेणारी आणि त्याला मारणारी बाई एकच, हे मला तेव्हा जुळवता आलं नाही, आणि ती गेल्यानंतर आजही येत नाही.