जागा नाही म्हणा

या पृथ्वीवर देश दोनच, एक मेक्सिको आणि दुसरा नारायणगावाशेजारची आमची वारूळवाडी, असं प्रामाणिकपणे मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो आमच्या हिचा मावसभाऊ आहे. त्यातही गंमत अशी, की तो ज्या देशात असेल तो देश त्याच्या लेखी कायम दुसऱ्या नंबरचा असतो. चाकणच्या एका कारखान्याने दहा वर्षांपूर्वी त्याला मोटारींचे सुटे भाग तपासायला मेक्सिकोतल्या केरेतारो नावाच्या शहरी पाठवलं. तिथे तो म्हणे जेवणाच्या सुट्टीत मासवडी कशी थापतात ते लोकांना हवेत हात फिरवून दाखवतो, आणि येडगावच्या धरणाची अशी वर्णनं करतो, की त्याच्या साहेबाने एकदा विचारलं, यात जहाजं चालतात का? इथे आला की मात्र विमानतळावरून नारायणगाव गाठेपर्यंतच त्याचं मेक्सिको सुरू होतं आणि जानेवारीत त्याला परत गाडीत बसवेपर्यंत थांबत नाही. लग्न केलं नाही. दोन देशांतून एकीची निवड होईना, असं ही म्हणते.

तिकडे डिसेंबर अर्धा सरला की कारखाना बंद होतो आणि सहा जानेवारीपर्यंत, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, अख्खा देश एकमेकांच्या घरी जेवत असतो. सुट्टी तिकडच्या सणाची आणि काढायची इकडे, यात त्याच्या जिवाची फार ओढाताण होते. त्यावर उपाय म्हणून तो सणच सोबत घेऊन येतो. हिने तव्यावरून बाजरीची भाकरी काढली, की हा म्हणणार, "ताई, जरा पातळ असती ना, तर डिट्टो तिकडच्यासारखी!" ही ऐकून घेते आणि पुढची भाकरी आणखी जाड थापते. एकदा पेरूला तिखटमीठ आणि लिंबू लावून त्याने माझ्यापुढे बशी सरकवली. "दाजी, खाऊन बघा. मेक्सिकोत असंच खातात." शाळेच्या फाटकाबाहेर तिखटमिठाचा पेरू खाऊनच मी मोठा झालो, तरीही चेहऱ्यावर नवल आणून खाल्ला. काय करता, बायकोच्या माहेरचा माणूस! नारायणगावच्या टोमॅटो बाजारात तर त्याने कमाल केली. कॅरेटच्या थप्पीला टेकून उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला तो ऐकवू लागला, की टोमॅटो मूळचा आमच्या मेक्सिकोचा, तिथून जगभर गेला. त्या बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "मंग न्या की राव परत. इथं आज कोन इचारीना त्याला." त्या दिवशी घरी येईपर्यंत पाहुण्यांनी मेक्सिकोचं नाव काढलं नाही. पण घरी आल्यावर टोमॅटोच्या चटणीत लिंबू पिळलंच.

नववर्षाचं त्याचं खूळ तर पंचांगाच्याही पलीकडचं. मेक्सिकोत रात्री बाराचे ठोके पडतात तेव्हा बारा द्राक्षं खायची, ठोक्याला एक, आणि प्रत्येकाला एक इच्छा मनात धरायची. तिकडे रात्रीचे बारा म्हणजे इकडे सकाळचे साडेअकरा. त्यामुळे एक जानेवारीला, मी बँकेत जायच्या गडबडीत आणि ही पोळ्या लाटत असताना, हा आम्हाला ओळीने उभं करून पितळी ताटावर पळीने बारा ठोके देतो. द्राक्षाच्या मुलखात राहून द्राक्षांचं अप्रूप ते काय! शिवाय आमच्याकडे तेव्हा बागेतल्या मण्यांत नुकतं कुठे पाणी भरू लागलेलं असतं, गोडी यायची असते. त्या आंबटढाण बारा मण्यांवर मी बारापैकी सहा इच्छा दातांसाठीच खर्च केल्या. त्यानंतर रिकामी बॅग घेऊन घराभोवती फेरी मारायची, म्हणजे वर्षभर प्रवास घडतो. वर्षातून दोनदा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालणाऱ्या माणसाला आणखी कुठे जायचं होतं, देव जाणे. तो बॅग ओढत निघाला, तर शेजारच्या काकू कुंपणावरून हिला हळूच विचारतात, "घालवलं व्हय गं पावण्याला?" त्याने ते ऐकलं. मोठ्याने हसला, पण बॅग तिथेच जाईच्या वेलाशी ठेवली आणि फेरी अर्धीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, गावात याचं स्वतःचं घर असताना हा आमच्या मागच्या खोलीत कशाला? तर त्याला कारण आहे, आणि त्या कारणात माझाही हात आहे. चार वर्षांपूर्वी श्रावणात त्याचे वडील गेले. त्याचं तिथलं राहण्याचं कार्ड तेव्हा नवं करायला दिलेलं होतं. ते हातात नसताना देश सोडला असता, तर परत जाता आलं नसतं आणि नोकरीही गेली असती. मग त्याने फोनवरून अंत्यदर्शन घ्यायचं ठरवलं आणि फोन धरायचं काम माझ्याकडे आलं. सरण रचून झालं, थोरला भाऊ पेटता चूड हातात घेऊन पुढे झाला आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. फोनमधून हा ओरडतोय, "दाजी, थांबवा, मला दिसत न्हाई! थोडं डावीकडं घ्या!" आणि मी मूर्खासारखा हात वर केला. सगळी माणसं थांबली. थोरला पेटता चूड धरून उभा राहिला, धूर त्याच्या डोळ्यांत जात होता, आणि मी नदीकाठाने रेंज शोधत फिरत होतो. दहा मिनिटं तरी गेली असतील. तेराव्याला थोरल्याने मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "बाप त्येच्या नेटसाठी थांबला. त्येला सांगा, आता माझ्या दारात यिऊ नगं."

मी तो निरोप पोचवला. त्यावर तो तिकडून म्हणाला, "रेंज गेली वाटतं, दाजी." रेंज चांगली होती. त्या डिसेंबरात तो बॅगा घेऊन आमच्या दारात उभा राहिला तेव्हा नाही म्हणायचं मला धैर्य नव्हतं. थोरल्याचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, मळ्यात. पण आमचा पाहुणा सकाळी फिरायला निघाला की मळ्याच्या वाटेच्या तोंडाशी येऊन वळायचा आणि दर वेळी नवं कारण सांगायचा. कधी म्हणे चिखल होता, कधी म्हणे कुत्रं होतं.

गेल्या वर्षी आल्या आल्या त्याने जाहीर केलं, की यंदा वारूळवाडीत पोसादा करायचा. नाताळच्या आधीच्या नऊ संध्याकाळी मेक्सिकोत हा खेळ चालतो. दिवस भरत आलेली एक बाई आणि तिचा नवरा आसरा मागत दारोदार फिरतात, मागे गल्लीतली माणसं गात चालतात. पहिल्या दारी नाही म्हणतात, दुसऱ्या दारीही नाही म्हणतात, तिसऱ्या दारी नाव सांगितल्यावर दार उघडतं आणि मग खाणंपिणं. हे कुठल्या धर्माचं, असं कुणीतरी विचारलंच. "धर्माचं न्हाई, दाराचं हाय," हा म्हणाला. गाणं त्याने स्वतः मराठीत रचलं, सहा कडव्यांचं, आणि गावातल्या आरतीची चाल लावली, म्हणजे तसा त्याचा दावा होता. त्याच्या गळ्यातून सगळ्या चाली सारख्याच निघतात. बाईच्या कामासाठी त्याने माझी पुतणी धरली, कारण ती पहिलटकरीण, खरोखरच सहावा सरत आलेला. हा खरेपणाच त्याच्या अंगाशी आला. आत दिवा लावलेली कागदी चांदणी माझ्या एका हातात आणि दुसऱ्यात त्याचा फोन, कारण केरेतारोतले चार मित्र सकाळी चहा पीत हे बघणार होते. तिसरं घर कुणाचं, ते मात्र तो सांगेना. "ऐनवेळी सांगतो, दाजी."

पहिलं घर शेजारच्या काकूंचं. "जागा नाही, पुढं व्हा," एवढंच वाक्य. काकूंनी दिवसभर घोकलं होतं. दिवेलागणीला आम्ही गात दारात उभे राहिलो, काकूंनी दार उघडलं, पुतणीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, उबी का तू? आत ये, पाय वर घिऊन बस."

"काकू, नाही म्हणा!" हा मागून ओरडला.

"बरं, न्हाई. च्यात साखर किती घालू?"

"काकू, जागा नाही म्हणायचं ठरलंय!"

"पोटुशी लेक दारात अन् जागा न्हाई म्हनू व्हय? जीभ झडंल माजी. तुमच्या मेक्शिकोत म्हनत असतील!"

झालं. वीस माणसांचा चहा झाला. दुसरं घर त्याने मुद्दाम एका अडत्याचं निवडलं होतं, ज्याने उभ्या आयुष्यात कुठल्या वर्गणीला हो म्हटलेलं नव्हतं. त्याला तरी नकार जमेल, ही अपेक्षा. पण त्या माणसाने आम्हाला बघून खुर्च्या मागवल्या आणि वर विचारलं, "पावणं, जेवूनच जा की, का घाई हाय?" आमचा पाहुणा कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "दाजी, या गावात पोसादा कधी व्हायचा न्हाई. इथं कोन नाहीच म्हणत न्हाई." म्हणाला आणि त्याची नजर मळ्याकडे गेली. मग उठला, चांदणी माझ्या हातातून घेतली आणि मळ्याच्या वाटेला लागला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका सगळा घाट, गाणं, चांदणी, पुतणीला दिलेली निळी ओढणी, हे सगळं या एका दारापर्यंत चालत यायला होतं. एकट्याने येववत नव्हतं म्हणून त्याने वीस माणसं सोबत आणली होती. हिने माझा दंड घट्ट धरला. मळ्यातलं दार बंद होतं, खिडकीत दिवा होता. त्याने गायला सुरुवात केली, दोन ओळी झाल्या आणि आतून आवाज आला, "कोन हाय?" मागच्या माणसांनी उत्साहाने कडवं उचललं. थकलेल्या वाटसराला थारा द्या, असं काहीसं. आतून थोरला म्हणाला, "जागा न्हाई."

मागे टाळ्या पडल्या. "ह्येला म्हनत्यात नाटक! बघा, कसं बरोबर म्हनला," काकू कौतुकाने म्हणाल्या. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. आमच्या पाहुण्याचा चेहरा चांदणीच्या उजेडात दिसत होता. पुढचं कडवं त्याचं होतं, नाव सांगायचं. त्याला ते आठवेना. स्वतः रचलेलं, आठ दिवस आमचं डोकं उठवून पाठ केलेलं कडवं. शेवटी चाल सोडून, अगदी साध्या आवाजात तो म्हणाला, "दादा, मी हाय. धाकला."

आत पावलं वाजली, कडी वाजली. मग दार उघडलं. थोरल्याने एकदा चांदणीकडे बघितलं, पुतणीकडे बघितलं आणि मग माझ्या हातातल्या फोनकडे. माझा हात आपोआप खाली आला. "आजबी चालू हाय का त्यो?" मी मान हलवली. तो भावाला म्हणाला, "त्यो भाईर ठिव. मंग ये." आमच्या पाहुण्याने माझ्या हातून फोन घेतला, ओट्यावर चपला काढल्या, त्यांच्या शेजारी फोन उताणा ठेवला आणि आत गेला. बंद करायचं कुणाला सुचलं नाही. केरेतारोतल्या चौघांना अर्धा तास मळ्यावरचं आभाळ तेवढं दिसलं. आतून दोन पुरुषांच्या रडण्याचा आवाज आला, मग भांड्यांचा. आम्ही पुतणीला घेऊन घरी आलो.

यंदा डिसेंबरात तो आला तो सरळ मळ्यात उतरला. तसंच व्हायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला चुकल्यासारखं झालं. मागची खोली रिकामी, पेरूला कुणी परदेशी म्हणेना, आणि हिच्या भाकऱ्या कारण नसताना पातळ होऊ लागल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. त्या दार वाजवण्यावरूनच कळलं कोण ते. ही उठत होती, तिला मी खुणेने थांबवलं आणि आतूनच ओरडलो, "जागा नाही!" बाहेर घसा खाकरल्याचा आवाज आला. मग त्या भसाड्या गळ्याने, आरतीच्या नसलेल्या चालीत, गाणं सुरू झालं. सहा कडवी आहेत. मी सहाही ऐकली आणि मग कडी काढली.