ओसरीवरची फौज

आमच्या चुलतसासऱ्यांएवढी मोठी फौज पांढरकवड्यात त्यांच्याआधी कुणी बाळगली नव्हती आणि पुढे कुणी बाळगेल असं मला वाटत नाही. तसे काकाजी कापसाच्या जिनातले कारकून. तरुणपणी भरतीला गेले होते, पण छाती भरेना म्हणून परत पाठवले गेले. त्यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. फौज आपल्याला घेत नाही तर आपणच फौज ठेवू, असं ठरवून मोकळे झाले. सन साठच्या आगेमागे मी लग्न होऊन या घरात आले. दुसऱ्याच दिवशी पाहते तर सारवलेल्या ओसरीवर खडूनं आखलेला अख्खा जिल्हा, आणि त्यावर जागोजाग धान्य सांडलेलं. नव्या नवरीचा उत्साह तो, मी केरसुणी घेतली. कोपऱ्यातून शांत आवाज आला, "सूनबाई, थांब जराशी. तू आत्ता मारेगाव झाडून टाकलं."

जिनातून आणलेली सरकी म्हणजे पायदळ, माझ्या डब्यातली तूर म्हणजे घोडदळ आणि चिंचोके म्हणजे तोफा. सेनापती मात्र सागरगोटे, सुपाऱ्या आणि जुन्या कोटाची बटणं यांतून निवडले जायचे, आणि प्रत्येकाला गावातल्या कुणाचं तरी नाव असायचं. नेमणूक स्वभाव पाहून. कपडे कधीच वेळेवर न देणाऱ्या शिंप्याला काकाजी नेहमी किल्ल्याला वेढा घालायला पाठवायचे. म्हणायचे, "याच्यासमोर लोकं आपोआप वाट पाहत बसते." खुद्द किल्ला माझ्या सासूबाईंच्या ताब्यात, काळ्या सुपारीच्या रूपात, आणि तो कुणी कधी जिंकल्याचं मला आठवत नाही. सासूबाईंना हे सांगायची हिंमतही कुणी केली नाही. कोणती तुकडी कोणाच्या हाताखाली द्यायची, तिच्यामागे तोफा किती, दोन सेनापतींचं आपसात जमतं का, एवढा विचार करताना दिवेलागण व्हायची आणि लढाई राहूनच जायची. काकाजींना त्याचं काही वाटत नसे. "फौज नीट लावली का लढाईची गरजच नाही पडत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा तर मी त्यांचं घोडदळच शिजवलं. पाटावर ठेवलेली तूर निवडून ठेवलेली समजून मी तिच्या घुगऱ्या केल्या. काकाजींनी दोन वाट्या आवडीनं खाल्ल्या, हात धुतले आणि ओसरीवर गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "सूनबाई, मायं घोडदळ कुठी गेलं वं?" मी पातेल्याकडे पाहिलं, त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कामी आले बिचारे. पण चव चांगली होती."

त्यांच्याशी खेळायला यायचा जवळच्या बंजारा तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख. काकाजींच्याच वयाचा, डोक्याला लाल पागोटं, पंधरा-वीस एकर कपाशीचा मालक. त्याच्या आजा-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून फौजांच्या मागे मुलूख पालथा घातलेला. म्हणून त्याचा एकच हट्ट, पटावर बैल पाहिजेत. बायकोच्या जुन्या घागऱ्याच्या कवड्या त्यानं आणल्या आणि त्या बैल झाल्या. "पहिले बैल हालले पायजे बाबूजी, मंग फौज. उपाशी मानूस काय लढन?" यावर दोघांची तासन्‌तास हुज्जत चालायची. हुज्जत संपली की मी चहा द्यायची, आणि चहा संपला की पुन्हा हुज्जत.

नायकाचा मुलगा गोवर्धन खराखुरा फौजेत गेला, ट्रक चालवायला. काकाजींचा ऊर इतका भरून आला की त्या दिवशी भरतीला गेले असते तर नक्की घेतलं असतं. गोवर्धनसाठी त्यांनी काळ्या तोंडाची एक लाल गुंज आणली आणि पटावर अगदी पुढे ठेवली. मग पासष्टची लढाई सुरू झाली. गोवर्धनची काही खबर येईना. तरी नायक रोज यायचा. हुज्जत न घालता पटाशी बसायचा. आणि काकाजी काय करायचे, तर रोज ती गुंज थोडी मागे न्यायचे. आधी तोफांच्या मागे, मग बैलांच्या मागे, शेवटी पार जिल्ह्याच्या टोकाला, उमरखेडला, जिथे शत्रू काय, एसटीसुद्धा वेळेवर पोचत नसे.

एका संध्याकाळी नायकानं ते पाहिलं. "बाबूजी, माह्या पोराले अजून किती मांगं नेता?"

काकाजी खाली मान घालून म्हणाले, "माह्या हातून पुढं ठेवनं होत नाही, नायक."

नायकानं गुंज उचलली, तळहातावर थोडा वेळ धरली आणि कवड्यांच्या पुढे नेऊन ठेवली. "आमचे लोकं पुढंच जात होते अनाज घेऊन. अन्‌ वापस येत होते," तो म्हणाला आणि चहा न घेताच निघून गेला. मग काकाजींनी सगळी फौज हलवली. सरकी, तूर, चिंचोके, सगळे सेनापती त्या एका गुंजेभोवती उभे केले. शत्रूकडचेही. सासूबाईंची सुपारीसुद्धा किल्ला सोडून आली. मी दारातून पाहत होते. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

लढाई थांबली आणि थंडीच्या दिवसांत गोवर्धन सुट्टीवर आला. तांड्यावरून बापासोबत सरळ आमच्या ओसरीवर. काकाजी उठले, टाचा जुळवल्या आणि त्याला सलाम ठोकला, डाव्या हातानं. गोवर्धन वाकून त्यांच्या पाया पडला. मग त्याची नजर पटावर गेली. लाल गुंज कोण ते बापानं सांगितलं. तो पटाशी उकिडवा बसला. "काकाजी, एवढी फौज माह्या एकट्याभोवती? कधीपासून उभे आहे हे लोकं?"

"तुही खबर नाही आली तवापासून."

"मंग आता सुट्टी द्या त्यायले."

काकाजींनी तो हुकूम मानला. पुढच्या पेरणीला सगळी फौज नायकाच्या शेतात गेली. जुनी सरकी बहुतेक झोपूनच राहिली, पण घोडदळ जोमानं उगवलं. काकाजी दर रविवारी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओळींची पाहणी करायचे आणि वाकड्या ओळीबद्दल नायकाला झापायचे. ओसरीवर पुन्हा जिल्हा आखला गेला नाही.

आता काकाजी नाहीत, नायकही नाही. तांड्यावरून दर वर्षी आमच्याकडे तूर येते, गोवर्धन स्वतः आणून देतो. घुगऱ्या करायला घेतली की मी अजूनही आधी ओसरीवर डोकावते. मग मूठभर तूर बाजूला काढून ठेवते. सुना विचारतात ही कशाला, तर सांगते, राहू द्या, सुट्टीवर आहेत.