जिताड्याचं डोकं

मत्सर म्हणजे काय हे मला अडतिसाव्या वर्षी, वेल्सच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं असताना कळलं. तेही अंडंसुद्धा न खाणाऱ्या एका पुणेकरामुळे.

आम्ही दोघं कार्डिफच्या एकाच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तो मला दोन वर्षांनी ज्युनियर. शेजारच्या वेल्श म्हाताऱ्याकडून तो बास मासा धरायला शिकला होता. धरलेला मासा एकतर पाण्यात सोडायचा, नाहीतर आमच्या दारात आणून द्यायचा. मी अलिबागकडचा, खाडीकाठचा. मासे माझ्या रक्तात आहेत असं मी हॉस्पिटलभर सांगत फिरलेलो. माझ्या गळाला तोवर शेवाळ सोडून काही लागलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. त्याने आणलेला पहिला बास बघून म्हणाले, "अरे, हा तर आपल्या जिताड्याचा भाऊ!" आमच्या घरी रीत अशी की जिताड्याचं डोकं धरणाऱ्याच्या पानात. बाबांनी कालवणातलं डोकं वाटीत काढून त्याच्यापुढे ठेवलं. तो बिचारा खुर्चीसकट मागे सरकला. "बरं, तुझ्या वतीने मी खातो," म्हणत बाबांनी वाटी ओढून घेतली. नंतर कॉलिंग कार्डावरून गावी फोन लावला आणि अख्खं कार्ड त्याच्या माशावर संपवलं. माझ्या नव्या घराबद्दल एक अक्षर नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

मग दर शनिवारी आम्ही तिघं किनाऱ्यावर जायला लागलो. बाससाठी प्लग वापरतात, म्हणजे प्लॅस्टिकचा खोटा मासा. त्याच्या तोंडाला एक पारदर्शक जीभ असते. जीभ मोठी असेल तर ओढताना तो खोल बुडतो, छोटी असेल तर वरच्यावर पोहतो. मी दुकानातला सगळ्यात महाग, लांब जिभेचा घेतला. मोठा मासा खोल पाण्यातच असणार, असा माझा हिशोब. तो प्लग दर दहा मिनिटांनी खडकात अडकायचा. बाबा एकदाच म्हणाले, "लहान जिभेचा लाव. जिताडा कडेला येतो खायला." मी म्हणालो, "बाबा, ही आपली खाडी नाही. इथलं टेक्निक वेगळं असतं."

त्यानंतर त्यांनी मला माशाबद्दल पुन्हा सल्ला दिला नाही.

तो मात्र आल्या आल्या विचारायचा, "काका, आज पाणी कसं वाटतंय? कुठला ट्राय करू?" बाबा पँट दुमडून पाण्यात शिरायचे आणि स्वतःच्या पायाकडे बघायचे. अंगठा दिसला तर बारीक चंदेरी प्लग. वारा होऊन पाणी गढूळ झालं असेल, अंगठा दिसत नसेल, तर जाडा पांढरा, ज्याच्या पोटात छर्रे खुळखुळतात. "दिसत नाही, तर ऐकू तरी गेलं पाहिजे," बाबा म्हणायचे. पाणी गार असलं की, "हळू ओढ, त्यालाही आळस आलाय." आणि लागायचा हो मासा! मी वीस फुटांवर उभा राहून मनात म्हणायचो, लोणी लावतोय माझ्या बापाला.

बाबांच्या जाण्याआधीचा शेवटचा शनिवार आला. एकदा तरी माझ्या हातचा मासा त्यांनी खावा, एवढंच मला हवं होतं. आमच्या खात्याचा रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, मी बनवायचो. त्या शनिवारी मी त्याला ऑन-कॉल टाकला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? आदल्या संध्याकाळी येऊन तो प्लगचा डबा बाबांच्या हातात देऊन गेला. "काका, मला नाही जमत, सॉरी. पण हा घेऊन जा, लागेल तुम्हाला."

दोन दिवस वारा झाला होता. बाबा पाण्यात उतरले, पायांकडे बघितलं आणि घडीच्या खुर्चीत येऊन बसले. ते थर्मासमधून चहा ओतत होते, तेवढ्यात मी माझा प्लग काढला आणि डब्यातला जाडा पांढरा बांधला. कडेकडेने, हळू ओढला. चौथ्या खेपेला गळाची काठी वाकली.

चांगला हातभर मासा होता. बाबा चहा तसाच टाकून ओल्या खडकांवरून धावत आले. माझी पाठ त्यांनी इतकी जोरात थोपटली, की दहावीच्या निकालानंतर तशी कुणी थोपटली नव्हती. घरी येऊन त्यांनी स्वतः मासा साफ केला. कोकमाचं आगळ नव्हतं, लिंबावर भागवलं.

जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला लावला होतास?"

"माझाच," मी म्हणालो. "नवीन घेतलाय पांढरा."

बाबा उठले. दाराशी टेकवलेल्या काठीचा प्लग अजून तसाच लटकत होता. तो सोडवून त्यांनी ताटाशेजारी ठेवला. त्याचा एक डोळा काळा होता, दुसरा लालभडक.

"मागच्या महिन्यात खडकावर आपटून याचा डोळा गेला," बाबा म्हणाले. "सूनबाईच्या नेलपॉलिशने मीच रंगवून दिला त्याला."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भात कालवत राहिलो.

"आजची त्याची ड्युटीसुद्धा तूच लावलीस ना?"

मी नाही म्हणू शकलो नाही. बाबांनी शांतपणे डोकं वाटीत काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"हे त्याचं आहे," ते म्हणाले. "तो खात नाही, म्हणून तू खा."

मी खाल्लं. मान वर न करता, एकेक काटा वेचून बाजूला ठेवत, सगळं संपवलं.